वाटाड्या गेला, घर राहिलं

कळसूबाईच्या पायथ्याला बारी गाव आहे, हरिश्चंद्रगडाखाली पाचनई आहे. तिथल्या बायकांना वाटाड्या म्हणजे काय हे सांगायला नको. पुढं गावातला माणूस चालतो, मागं शहरातली मंडळी. खाली उतरल्यावर त्यांना पिठलं-भाकरी वाढते ती त्याच वाटाड्याची बायको. फोटो निघतात ते वरचे, शिखरावरचे. चुलीपाशी कोण होतं ते फोटोत येत नाही.

आज मी लांबच्या वाटाड्यांबद्दल बोलणार आहे, नेपाळातल्या शेर्पांबद्दल. पण बोलायचं आहे ते चुलीपाशी राहिलेल्यांबद्दल.

२९ एप्रिल २००१. एव्हरेस्टच्या वाटेवर दुसऱ्या तळापाशी, म्हणजे साधारण साडेसहा हजार मीटर उंचीवर, बाबू छिरी शेर्पा नावाचा माणूस फोटो काढत होता. बर्फात खोल भेगा असतात. वरून ताज्या बर्फाचं पातळ झाकण बसलेलं असतं, म्हणून त्या दिसत नाहीत. आपल्याकडं गवतानं झाकलेली पडकी विहीर असते ना, तसंच. तशाच एका भेगेत तो पडला आणि गेला. वय पस्तीस. मागं बायको पुती आणि सहा मुली.

हा माणूस साधासुधा नव्हता. दहा वेळा एव्हरेस्टच्या माथ्यावर जाऊन आला होता. १९९९ च्या मे महिन्यात तो वर छोटा तंबू घेऊन गेला आणि माथ्यावर एकवीस तास राहिला, तेही प्राणवायूची नळकांडी न लावता. इतर लोक तिथं अर्धा तास थांबले तरी पुष्कळ झालं म्हणतात, कारण तिथली हवा इतकी विरळ की माणूस बसल्या जागी खचत जातो. पुढच्या वर्षी त्यानं पायथ्याच्या तळापासून माथ्यापर्यंतची चढाई १६ तास ५६ मिनिटांत केली. एरवी ही चढाई करायला लोकांना काही दिवस लागतात.

हे विक्रम त्यानं कशाला केले? नाव व्हावं हे तर आहेच, त्यात वावगं काही नाही. पण त्याच्या मनात एक शाळा होती. सोलुखुंबू जिल्ह्यात, ताक्सिंदूच्या बाजूला त्याचं गाव. लहानपणी तिथं शाळा नव्हती, म्हणून तो शाळेत गेला नाही. कोवळ्या वयात ओझी वाहायला लागला. नाव झालं तर चार लोक ऐकतील, पैसा जमेल आणि गावात शाळा उभी राहील, हा त्याचा हिशेब. घरात सहा मुली असलेल्या बापाचा हिशेब म्हणून त्याच्याकडं पाहा, म्हणजे तो एकवीस तासांचा विक्रम वेगळाच दिसायला लागतो. मला तरी तसा दिसतो.

तो गेल्यावर काठमांडूत त्याच्या अंत्यदर्शनाला मोठी गर्दी लोटली. देशाचा वीर म्हणून त्याचा मान झाला. तो मान रास्तच होता. पण सहा मुलींच्या फीचा प्रश्न गर्दी पांगल्यावर सुरू होतो.

आता हे शेर्पा कोण ते थोडक्यात सांगते. पुष्कळांना वाटतं की शेर्पा म्हणजे हमाल किंवा वाटाड्या. तसं नाही, शेर्पा ही एक जमात आहे. त्यांच्या भाषेत ‘शर’ म्हणजे पूर्व आणि ‘पा’ म्हणजे लोक. काही शतकांपूर्वी तिबेटातून डोंगर ओलांडून ही माणसं खुंबूच्या खोऱ्यात आली. बटाटा लावायचा, याक राखायचे, तिबेटशी मिठाचा आणि धान्याचा व्यापार करायचा, असा त्यांचा संसार. त्यांच्यात नावं ठेवायची एक गंमत आहे. मूल ज्या वारी जन्मलं त्या वाराचं नाव त्याला देतात. निमा म्हणजे रविवार, दावा सोमवार, मिंग्मा मंगळवार, ल्हाक्पा बुधवार, फुर्बा गुरुवार, पासांग शुक्रवार, पेम्बा शनिवार. मुलगा असो की मुलगी, नाव तेच. आपल्याकडं सोमा, मंगळ्या, बुधा अशी नावं असायचीच की.

इंग्रजांच्या काळात ही माणसं कामाच्या शोधात दार्जिलिंगला यायला लागली. रस्त्याची कामं, चहाचे मळे, रिक्षा ओढणं. तिथंच साहेब लोकांच्या डोंगरमोहिमांसाठी माणसं निवडली जायची. बायकाही ओझी वाहायच्या. कपाळाला पट्टा, त्याला नेपाळात नामलो म्हणतात, आणि पाठीवर डोको म्हणजे बांबूची टोपली. तळापर्यंतची ओझी बायकांनी किती वाहिली, त्याची गणती नाही.

१९२२ साली इंग्रजांची एव्हरेस्टवर चढाई झाली. ७ जूनला उत्तरेच्या खिंडीखाली बर्फाचा कडा सुटला आणि सात हमाल गाडले गेले. एव्हरेस्टवर मोहिमेत एका वेळी इतकी माणसं मरण्याची ती पहिली घटना. इंग्रज मात्र सगळे वाचले. त्यांच्यातला सॉमरवेल नावाचा डॉक्टर पुढं लिहून गेला की आपल्यातलाही एखादा त्यांच्याबरोबर गेला असता तर बरं झालं असतं, म्हणजे त्यांच्या माणसांना कळलं असतं की धोका आपणही वाटून घेतला. हाच सॉमरवेल नंतर दक्षिणेत त्रावणकोरात, नेय्यूरच्या इस्पितळात बरीच वर्षं गोरगरिबांवर उपचार करत राहिला. त्याला ते ओझं जाणवलं होतं, हे नक्की.

१९३४ सालची गोष्ट आणखी जीव कातरणारी आहे. नंगा पर्वतावर जर्मनांची मोहीम वादळात सापडली. तीन जर्मन आणि सहा शेर्पा गेले. मोहिमेचा पुढारी मेर्कल चालू शकत नव्हता. त्याच्याजवळ गाय-ले आणि अंग त्सेरिंग असे दोन शेर्पा होते. अंग त्सेरिंग मदत आणायला एकटा वादळातून खाली उतरला, हातपाय गारठलेले, पोटात अन्न नाही. गाय-ले मेर्कलजवळ थांबला. चार वर्षांनी दुसरी मोहीम तिकडं गेली तेव्हा दोघांचे देह बर्फात एकमेकांजवळ सापडले. अंग त्सेरिंगला जर्मनीचं पदक मिळालं आणि पुढं तो दार्जिलिंगला म्हातारा होऊन वारला. १९३९ साली के-टू शिखरावर वर अडकलेल्या एका अमेरिकी माणसाला आणायला पासांग किकुली दोन सोबत्यांना घेऊन गेला. तिघेही परतले नाहीत. हा पासांगही १९३४ च्या नंगा पर्वतातून वाचून आला होता.

अशा गोष्टी सांगताना नेहमी निष्ठेचं कौतुक होतं. मालकासाठी प्राण दिला म्हणतात. मला ते कौतुक ऐकताना जरा खटकतं. निष्ठा होतीच. पण निष्ठा म्हटलं की मजुरी, भरपाई, घरचं काय, हे प्रश्न मागं पडतात. देव म्हटलं की पगार मागायचा नसतो, तसं काहीतरी होतं.

कागदावर नावं यायला सुरुवात झाली ती १९२८ नंतर. त्या साली हिमालयन क्लब स्थापन झाला. दार्जिलिंगला शेर्पांची नोंद ठेवायचं काम सुरू झालं. कोण कुठल्या मोहिमेला गेला, काम कसं केलं, याची वही. पुढं उत्तम शेर्पांना वाघाचा बिल्ला देऊ लागले. बिल्ल्यानं पोट भरत नाही, पण वहीत नाव असणं मोठी गोष्ट असते. आपल्या बचत गटात आपण सगळ्यात आधी काय करतो? नोंदवही घालतो. ज्याचं नाव वहीत नाही त्याच्यासाठी भांडायला जागा नसते.

दार्जिलिंगच्या शेर्पांनी पुढं स्वतःची संघटना बांधली. मजुरी ठरवणं, जखमी झालेल्याला आणि मेलेल्याच्या घरच्यांना मदत मिळवून देणं, ही तिची कामं. तेनझिंग नोर्गे तिचे अध्यक्ष होते. होय, तेच तेनझिंग, जे एडमंड हिलरींबरोबर २९ मे १९५३ ला एव्हरेस्टवर पहिल्यांदा पोचले. इथं त्यांच्या बायकोचं नाव घेतल्याशिवाय पुढं जायचं नाही. तेनझिंग यांची पहिली बायको दावा फुती १९४४ साली वारली, मागं दोन मुली. मग अंग ल्हामू घरात आली. युद्धानंतरच्या दिवसांत मोहिमाच नव्हत्या, हाताला काम नव्हतं. तेव्हा अंग ल्हामूनं साहेब लोकांच्या घरी आया म्हणून काम करून घर चालवलं. सवतीच्या मुलीही तिनंच सांभाळल्या. १९५३ साली सगळ्या जगानं तेनझिंगच्या हातातला झेंडा पाहिला. तो माणूस त्या दिवसापर्यंत तगला कुणाच्या कमाईवर, हेही आपण लक्षात ठेवू या.

आता एक गोष्ट समजून घेऊ, म्हणजे पुढचं कळेल. शेर्पा जास्त का मरतात? ते चढण्यात कमी पडतात म्हणून नाही. ते धोक्याच्या जागेतून जास्त वेळा जातात म्हणून. नेपाळच्या बाजूनं चढताना पायथ्याचा तळ आणि पहिला तळ यांच्यामध्ये खुंबूचा बर्फाचा धबधबा आहे. घराएवढे बर्फाचे ठोकळे एकमेकांवर रचलेले आणि ते रोज थोडे थोडे सरकतात. हंगामाच्या सुरुवातीला काही शेर्पा तिथं शिड्या आणि दोर बांधून वाट तयार करतात. मग तंबू, अन्न, दोर, प्राणवायूची नळकांडी वर न्यायची. पैसे भरून आलेला पाहुणा त्या जागेतून मोजक्याच खेपा करतो. शेर्पाच्या खेपा त्याच्या कितीतरी पट होतात. १९९८ साली सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर गेले, २०१२ साली पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेचे आठ जण एकाच दिवशी गेले, आपल्याला केवढा आनंद झाला. त्या आनंदातही शेर्पांच्या पाठीवरच्या ओझ्याचा वाटा होता.

१८ एप्रिल २०१४ ला सकाळी सातच्या आत त्या धबधब्यावर वरचा बर्फाचा कडा सुटला. सोळा जण गेले. सोळाही नेपाळी कामगार, बहुतेक शेर्पा. पाहुण्यांपैकी कुणी नाही, कारण पाहुणे खाली तळावर होते आणि कामगार त्यांचं सामान वर नेत होते. तिघांचे देह सापडलेच नाहीत.

सरकारनं प्रत्येक घराला अंत्यविधीसाठी ४० हजार नेपाळी रुपये जाहीर केले. नेपाळचे १६० रुपये म्हणजे आपले १०० रुपये, हा दर ठरलेला आहे. म्हणजे आपले २५ हजार. आणि एव्हरेस्ट चढायला येणाऱ्या परदेशी माणसाकडून तेच सरकार परवान्याचे कमीत कमी दहा हजार डॉलर घेत होतं. हिशेब करा. ४० हजार नेपाळी रुपये म्हणजे तेव्हाचे सुमारे चारशे डॉलर. एका पाहुण्याच्या परवान्यात असे पंचवीस अंत्यविधी बसतात.

शेर्पा चिडले. तळावर सभा झाल्या. विमा वाढवा, परवान्याच्या पैशातून मेलेल्यांच्या घरच्यांसाठी निधी काढा, अशा मागण्या पुढं आल्या. आणि त्या वर्षी त्यांनी वर जायला नकार दिला. नेपाळच्या बाजूचा तो हंगामच जवळजवळ बंद पडला. कितीतरी घरांची वर्षाची कमाई त्यात बुडाली, हे लक्षात घ्या. ज्यांचं कुणी मेलं नव्हतं त्यांनीही ती बुडू दिली. उंचावर काम करणाऱ्याचा मृत्यूचा विमा आधी १० लाख नेपाळी रुपये होता, तो १५ लाख झाला. म्हणजे आपले सव्वानऊ लाखांच्या वर. पुढच्या वर्षी धबधब्यातली वाटही बदलून मधोमध नेली, कड्यापासून लांब.

थोडं आपल्याकडचं सांगते. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत खात्यातून वर्षाला २० रुपये कापले जातात आणि अपघाती मृत्यूला दोन लाख मिळतात. ते २० रुपये कापले जात आहेत का, आणि वारस म्हणून कुणाचं नाव लावलं आहे, हे नवऱ्याचं पासबुक काढून आज बघा. पुष्कळ वेळा लग्नाआधी उघडलेल्या खात्यावर आईचं किंवा भावाचं नाव तसंच राहिलेलं असतं. असो.

विमा आला तरी प्रश्न संपत नाही. एकरकमी पैसा आला की त्याला पाय फुटतात. दीर म्हणतो शेत सोडवू, सासरा म्हणतो घर बांधू, कर्जवाला दारात उभाच. आणि सहा वर्षांच्या मुलीला शिकून पायावर उभं राहायला पंधरा वर्षं लागतात. म्हणून मला एका मदतीची रीत आवडली. छेवांग निमा नावाचा शेर्पा, एकोणीस वेळा एव्हरेस्टवर गेलेला, २०१० साली बारुन्त्से शिखरावर गेला. तो मेलिसा आर्नोट या अमेरिकी गिर्यारोहक बाईबरोबरच्या मोहिमेवर होता. ती त्याच्या घरी गेली, त्याच्या बायकोसमोर बसली. नंतर तिनं आणि तिच्या एका सोबत्यानं जुनिपर फंड नावाचा निधी उभा केला. डोंगरावर काम करताना कुणी मेलं की त्याच्या घरच्यांना पाच वर्षं, दरवर्षी, घरखर्चाला पैसे. पाच वर्षांत बाईला सावरायला, काही कामधंदा शिकायला वेळ मिळतो. सगळं त्यानं भागतं असं नाही. पण दर वर्षी कुणीतरी दारात येतं, तुम्ही कशा आहात विचारतं, याचं मोल पैशाहून वेगळं.

दुसरी एक रीत आहे. अमेरिकेचा अॅलेक्स लो हा नावाजलेला गिर्यारोहक १९९९ साली तिबेटात शिशापांग्मा शिखरावर बर्फाच्या कड्याखाली गेला. त्याची बायको जेनिफर हिच्या पदरात तीन मुलगे. तिनं नवऱ्याच्या नावानं निधी काढला आणि त्यातून खुंबूतल्या फोर्त्से गावात शेर्पांसाठी शिकवणी वर्ग सुरू झाले. दोर कसा बांधायचा, भेगेत पडलेल्याला वर कसं काढायचं, जखमी माणसाला कसं हाताळायचं, हे तिथं शिकवतात. दुसऱ्या कुणाच्या घरात आपल्यासारखी वेळ येऊ नये, असा विचार तिनं केला. पुतळ्यापेक्षा मला हे स्मारक मोठं वाटतं.

पुतळे आहेतच. पासांग ल्हामू शेर्पा या एव्हरेस्टवर पोचलेल्या पहिल्या नेपाळी बाई, २२ एप्रिल १९९३. उतरताना हवामान बिघडलं आणि त्या गेल्या. मागं तीन मुलं. त्यांच्या नावाचा रस्ता झाला, टपालाचं तिकीट निघालं, पुतळा उभा राहिला. त्यांच्याजवळ शेवटपर्यंत सोनाम त्सेरिंग शेर्पा हा सोबती थांबला होता, तोही तिथंच गेला. त्याचंही एक घर होतं.

शेवटी दोघी बायकांबद्दल सांगते. फुर्दिकी शेर्पा यांचे पती मिंग्मा २०१३ साली एव्हरेस्टवर वाट बांधण्याच्या कामात गेले. निमा डोमा शेर्पा यांचे पती त्सेरिंग वांगचू २०१४ च्या त्या सोळांपैकी एक. फुर्दिकी यांना तीन मुली, निमा डोमा यांना एक मुलगा, एक मुलगी. विधवा बाईकडं दुर्दैवी म्हणून बघायची नजर तिकडंही आहे. आपल्याकडं कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीला २०२२ साली कुंकू पुसण्याची, बांगड्या फोडण्याची चाल बंद करायचा ठराव करावा लागला, म्हणजे आपण काही फार पुढं नाही.

या दोघींनी ठरवलं की ज्या डोंगरानं नवरा नेला तो आपण चढायचा. घरातली माणसं घाबरली असणारच. एक गेला, आता हिला काही झालं तर पोरं कुणाकडं बघणार? त्यांनी घाई केली नाही. आधी चढाईचं शिक्षण घेतलं, लहान शिखरं चढल्या, पैसा उभा केला, आणि ज्या धबधब्यावर निमा डोमा यांचे पती गेले होते त्याच धबधब्यातून वर गेल्या. २३ मे २०१९ ला दोघी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. मागं राहिलेल्या बायकांना कळावं की आपलं आयुष्य संपलेलं नाही, आणि नवऱ्यांच्या नावाचं काम पुरं व्हावं.

दोघी सुखरूप खाली आल्या.